शिकाऊ चालक आणि सोबतीची अट



गावोगावी तरुण मंडळी वाहन चालविण्याची शिकाऊ अनुज्ञप्ती घेतात आणि लगेच एका अडचणीत सापडतात. वडिलांनी कधी मोटार चालविलेली नसते, थोरला भाऊ बोटीवर नोकरीला असतो आणि ड्रायव्हिंग स्कूल दूर तालुक्याच्या ठिकाणी असते. दारात मोटार उभी आहे, हातात शिकाऊ अनुज्ञप्ती आहे; मग शेजारी अनुभवी चालक बसविण्याच्या अटीतून सूट मिळावी म्हणून अर्ज कोठे आणि कोणत्या नमुन्यात करावा, असे विचारले जाते.

याचे स्पष्ट उत्तर असे की, असा नमुना अस्तित्वात नाही. तो का नाही, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अंमलात आहे. त्याच्या कलम ३ अन्वये अनुज्ञप्तीवाचून सार्वजनिक ठिकाणी कोणासही मोटार वाहन चालविता येत नाही. परंतु रस्त्यावर वाहन चालविल्याखेरीज शिकणार तरी कसे? म्हणून त्याच कलमाने शिकणाऱ्याला या मनाईतून मोकळीक दिली आणि तिच्या अटी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३ मध्ये घालून दिल्या. म्हणजे शिकाऊ अनुज्ञप्तीवर वाहन चालविणे हीच मुळात एक सूट आहे. ज्या अटींवर ती मिळाली त्या अटीच काढून टाकल्या, तर सूट उरत नाही. मूळची मनाई तेवढी उरते.

या अटी तीन आहेत. पहिली, शिकाऊ अनुज्ञप्ती चालू मुदतीची असावी. दुसरी, सोबत त्या वाहनाची वैध अनुज्ञप्ती असलेला शिकविणारा असावा आणि वाहन ताब्यात घेता किंवा थांबविता येईल अशा जागी तो बसलेला असावा. तिसरी, वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबड्या रंगात ‘एल’ हे अक्षर असावे. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच असावे. मोटारसायकल शिकणाऱ्याने तर शिकविणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणासही मागे बसवू नये.

दुसऱ्या अटीचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. नवशिक्याचे लक्ष क्लच आणि गिअर यांत गुंतलेले असते. खाजनाच्या बांधावरील अरुंद रस्त्यावर समोरून बस आली किंवा वळणावर शाळकरी मूल धावत आले, म्हणजे गोंधळून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय पडण्याचा संभव असतो. त्या क्षणी हँडब्रेक ओढणारा हात शेजारी असावा लागतो. मागच्या आसनावर बसलेला सोबती काय करणार?

परदेशांतही हेच तत्त्व आढळते. ब्रिटनमध्ये सोबत बसणाऱ्याचे वय किमान २१ वर्षे असावे लागते आणि त्याने पूर्ण अनुज्ञप्ती तीन वर्षे धारण केलेली असावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साऊथ वेल्स राज्यात २५ वर्षांखालील शिकाऊ चालकास देखरेखीखाली १२० तास वाहन चालविल्याची नोंद ठेवावी लागते. त्यांपैकी २० तास रात्रीचे असतात. पंचविशी ओलांडलेल्यांना या तासांच्या नोंदीतून सूट आहे, सोबत्याच्या अटीतून मात्र नाही. आपल्याकडे असे तास ठरविलेले नाहीत. म्हणून सराव पुरेसा झाला की नाही, हे पाहण्याची जबाबदारी शिकणाऱ्यावर व शिकविणाऱ्यावरच येते.

अट मोडून एकट्याने वाहन चालविल्यास कलम १८१ अन्वये तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय मोटारीच्या विमापत्रात शिकाऊ चालकाने नियम ३ चे पालन केलेले असावे, असे कलम सामान्यतः असते. अपघात झाला आणि सोबती नव्हता असे दिसून आले, तर विम्याच्या भरपाईबाबत वाद उभा राहतो आणि त्याचा भार कुटुंबावर येण्याची भीती असते.

मग अडचण असलेल्याने करावे काय? सोबती नात्यातलाच असावा किंवा व्यावसायिक शिक्षकच असावा, असे नियम म्हणत नाही. शेजारी, शाळेतील मास्तर, निवृत्त बसचालक, त्या वर्गाच्या वाहनाची वैध अनुज्ञप्ती असलेला कोणीही चालेल. केवळ स्कूटरची अनुज्ञप्ती असलेला माणूस मोटार शिकविण्यास चालणार नाही. घाईचेही कारण नाही. शिकाऊ अनुज्ञप्ती सहा महिने चालते आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांनी चाचणीस बसता येते. तेवढ्या अवधीत आठवड्याचे दोन-तीन दिवस सोबत मिळाली, तरी हात बसू शकतो.

एक सूट मात्र खरोखरच उपलब्ध आहे. १ जुलै २०२१ पासून अंमलात आलेल्या नियमांनुसार अधिस्वीकृत वाहनचालक प्रशिक्षण केंद्रात हलक्या मोटार वाहनाचा २९ तासांचा अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्यास अनुज्ञप्तीसाठी पुन्हा वाहन चालविण्याची चाचणी द्यावी लागत नाही. नेहमीच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या प्रमाणपत्राने ही सवलत मिळत नाही, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे. ही सूटही प्रशिक्षण पूर्ण केल्याबद्दलची आहे, प्रशिक्षण टाळण्यासाठीची नव्हे.

ज्या ग्रामस्थांपाशी अनुज्ञप्ती आहे, त्यांनी आपल्या वाड्यावरील शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आठवड्यातून एखादा तास काढावा. शिक्षकांनी व पंचायतींनी अशा व्यक्तींची नावे शिकणाऱ्यांपर्यंत पोहोचवावीत. अर्जाने जी अडचण सुटणार नाही, ती शेजारधर्माने सहज सुटेल.