‘तू नुसते ओठ हलव’

‘सिस्टर ॲक्ट’ हा इंग्रजी चित्रपट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला असणार, म्हणून त्याची गोष्ट सांगत बसत नाही. गुंडांपासून लपण्यासाठी मठात जाऊन ननचा वेश घेतलेली गायिका डेलोरिस, म्हणजे व्हूपी गोल्डबर्ग, आणि तिनं सुरात आणलेलं तिथल्या नन्सचं गाणं. तो १९९२चा चित्रपट. मला बोलायचंय ते १९९३च्या डिसेंबरात आलेल्या त्याच्या दुसऱ्या भागाबद्दल. पहिल्या भागात मोठी माणसं गातात, दुसऱ्यात शाळेतली मुलं. आणि शाळेतल्या मुलांच्या गाण्याबद्दल मला बरंच काही सांगायचंय, ते मिळालेल्या दहा मिनिटांत बसवायचंय.

हा दुसरा भाग समीक्षकांना फारसा आवडला नाही. पहिल्यानं अमेरिकेत सुमारे १३ कोटी ९० लाख डॉलर मिळवले, दुसऱ्यानं साधारण ५ कोटी ७० लाख. गोष्ट सरधोपट आहे. सॅन फ्रान्सिस्कोतली सेंट फ्रान्सिस अकॅडमी बंद पडायला आलेली, तिथं शिकवणाऱ्या नन्स डेलोरिसला संगीत शिकवायला बोलावतात, मुलं स्पर्धा जिंकणार आणि शाळा वाचणार हे आपल्याला लगेच कळतं. हे सगळं मान्य करूनही मला वाटतं, की प्रत्येक शाळेतल्या शिक्षकांनी एकत्र बसून हा चित्रपट एकदा पाहावा. कारण एकच. यातली बाई एकाही मुलाला ‘तू नुसते ओठ हलव’ असं म्हणत नाही.

हे वाक्य तुम्ही ऐकलंय का? स्नेहसंमेलन जवळ येतं, समूहगीताची मुलं निवडली जातात, तालीम सुरू होते. दोन-तीन दिवसांनी बाई पेटीवरचा हात थांबवून विचारतात, ‘कुणाचा सूर लागत नाहीये? तुझा का? मग तू मागच्या रांगेत उभा राहा आणि नुसते ओठ हलव.’ कार्यक्रम होतो, फोटो निघतात, आईवडील टाळ्या वाजवतात. ते मूल मात्र पुढं जन्मभर सांगत राहतं, ‘मला गाता येत नाही.’ साठी ओलांडलेल्या माणसांकडून मी हे ऐकलंय. ते गाणं कुठलं होतं आणि आपण कुठल्या रांगेत उभे होतो, हेही त्यांना आठवत असतं.

आता ही डेलोरिस काय करते ते पाहा. ती शिक्षिका नाही. तिच्याकडे पदवी नाही, अभ्यासक्रम नाही, आणि ननचा वेशही उसना. वर्गातली मुलं संगीताच्या तासाला येतात ती केवळ इथं काही न करता पास होता येतं म्हणून. पहिले काही दिवस ती तिला पुरतं छळतात. तीही आवाज चढवते, शिस्त लावू बघते. त्यावर वर्गातली सर्वांत तिखट मुलगी, रिटा, उठून निघून जाते. आणि मग एकदा मुलं आपापसांत, आपल्या मजेसाठी गाऊ लागतात. डेलोरिस ते ऐकते. यांचा गायनवृंद करावा, हे तिला तेव्हा सुचतं. अमुक मुलं घ्यायची, तमुक गाळायची, हा विचारच तिच्या मनात येत नाही. जो वर्ग तिच्यापुढं बसलाय, तोच तिचा गायनवृंद.

हे मी मुद्दाम पुन्हा सांगते, कारण गाण्यांच्या गोंधळात ते निसटून जाईल. तिनं निवड केलेली नाही. कुणाला वगळलेलं नाही.

त्या वर्गात अहमल नावाचा एक मुलगा आहे. रायन टोबी या गुणी तरुणानं ते काम केलंय. तो नंतर गायक म्हणून पुढं आला. शाळेसमोरच्या पहिल्या कार्यक्रमात अहमलला एकट्यानं सुरुवात करायची असते, आणि त्याचा आवाज कसाबसा ओठांबाहेर येतो. आपल्याकडे अशा वेळी काय होतं, तुम्हीच सांगा. पुढच्या कार्यक्रमाला त्याच्या जागी दुसरा मुलगा येतो. डेलोरिस समोर उभी राहून त्याला नजरेनं, हातानं चढवत नेते, आणि हाच मुलगा इतका उंच स्वर लावतो, की सगळी शाळा उठून उभी राहते. ते गाणं आहे ‘ओ हॅपी डे’. एडविन हॉकिन्स यांनी तरुण मुलामुलींच्या गायनवृंदाकडून ते बसवून घेतलं, त्याचं ध्वनिमुद्रण सॅन फ्रान्सिस्कोपासून खाडीपलीकडच्या बर्कलीमधल्या एका चर्चमध्ये झालं. ती रेकॉर्ड काढली होती वृंदाच्या प्रवासाचे पैसे उभे करण्यासाठी. १९६९ साली ती जगभर गाजली. म्हणजे चित्रपटातली मुलं स्पर्धेला जाण्यासाठी पैसे जमवतात, तशीच खटपट त्या गाण्याच्या मुळाशीही आहे.

समूहगान ही पंगत आहे, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. पान मांडलं, रांगोळी घातली, मुलाला पाटावर बसवलं, आणि त्याच्या पानात काहीच न वाढता म्हटलं, ‘तू नुसता हात तोंडाकडे ने, लांबून पाहणाऱ्याला तू जेवतोयस असं दिसलं पाहिजे’, तर त्या यजमानाला आपण काय म्हणू? पंगतीत चांगला वाढपी कोण? ज्याचं लक्ष पानापानावर असतं. कुणाला भात हवाय, कोण लाजतंय, कुणाचं मीठ संपलंय, हे त्याला न सांगता कळतं. एखादं लहान मूल सावकाश जेवत असेल तर त्याच्यासाठी सगळी पंगत थांबते, तोवर कुणी उठत नाही. ‘सावकाश होऊ द्या’ असं म्हणायची आपली रीत आहे. गाण्याच्या तासाला आपण असं कधी म्हणतो का? आणि मिठाचं काय? पानात सगळ्यांत आधी मीठ वाढतात, आणि ते सगळ्यांत थोडं असतं. गायनवृंदातल्या बारीक आवाजांचं तेच असतं. ते वेगळे ऐकू येत नाहीत, पण काढून टाका आणि मग गाणं ऐका.

आणि जी पानावरून उठून गेली, त्या रिटाला परत बसवायला डेलोरिस काय करते? आग्रह करते, पण बेतानं. रिटाचा गळा असामान्य आहे. तिच्या आईनं गाण्यावर बंदी घातलीय, कारण मुलीच्या बापाचं आयुष्य गाण्याच्या नादात वाया गेलं, असं तिचं म्हणणं. डेलोरिस तिला उपदेश करत नाही. तिच्या हातात राइनर मारिया रिल्केचं तरुण कवीला लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक ठेवते आणि निर्णय तिच्यावर सोडते. हलक्याफुलक्या चित्रपटात एक नाचणारी गायिका जर्मन भाषेतल्या कवीची पत्रं वाचायला देते, हे मला फार आवडलं. शिक्षक कुठल्या वाटेनं येईल याचा नेम नसतो.

रिटाचं काम लॉरिन हिलनं केलंय. ती तेव्हा ऐन कोवळ्या वयात होती. १९९८ साली तिचा स्वतःचा आल्बम आला, आणि १९९९च्या ग्रॅमी पुरस्कारांत तिला पाच पुरस्कार मिळाले. म्हणून आज या चित्रपटाचा विषय काढला की लोक म्हणतात, ‘अरे, यात लॉरिन हिल आहे.’ बरोबर आहे. पण माझं भांडण इथंच आहे. आपण एक तारा शोधतो आणि बाकीचे विसरतो. शेवटच्या गाण्याची सुरुवात रिटा एकटी करते हे खरं, पण त्या गाण्याला अंग येतं ते तिच्या मागं उभ्या असलेल्या सगळ्या वर्गामुळं. चाल बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतली, १८२४ साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजलेली. तिच्यावर अमेरिकेतल्या हेन्री व्हॅन डाइक यांनी १९०७ मध्ये भक्तिगीत लिहिलं. ही मुलं ती चाल आपल्या ठेक्यात घेतात आणि मधेच रॅपही म्हणतात. स्पर्धेतल्या आधीच्या शाळा इतक्या नेटक्या गाऊन गेलेल्या, की यांचा धीर सुटलेला असतो. डेलोरिस त्यांना खडसावते आणि झगे उतरवायला लावते. रोजच्या कपड्यांत, रोजच्या उच्चारांत ती मुलं गातात. प्रेक्षकांत रिटाची आई येऊन उभी असते.

कुणी म्हणेल, हा सिनेमा आहे, खऱ्या शाळेत असं जमतं का? लॉस एंजेलिसच्या क्रेनशॉ हायस्कूलमधल्या संगीतशिक्षिका आयरिस स्टीव्हन्सन यांच्या कामावरून या चित्रपटाची कल्पना घेतली, असं सांगतात. म्हणजे मुळात कुठंतरी जमलेलंच होतं. आणि तेही कुठल्या राज्यात? १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात मालमत्ता करावर मर्यादा आली, सरकारी शाळांचं उत्पन्न आटलं, आणि कात्री पहिल्यांदा लागली ती संगीत-चित्रकलेला. आपल्याकडे वेगळं काय होतं? वेळापत्रकात संगीताचा तास असतो, पण सहामाही जवळ आली की तो गणिताचे सर मागून घेतात.

पहिल्या भागातली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्यात सिस्टर मेरी रॉबर्ट नावाची एक लाजरी नन आहे, तिचा आवाज शेजारणीलाही ऐकू येत नाही. डेलोरिस तिच्या पोटावर हात ठेवून तिला तिथून श्वास घ्यायला लावते आणि तिचा आवाज खुलतो. आता पडद्यावर दिसणारी अभिनेत्री वेंडी मॅकेना आणि गाणारा आवाज अँड्रिया रॉबिन्सन यांचा. अभिनेत्रीनं ओठ हलवलेत. चित्रपटात ते चालतं, तो तिथला रिवाजच आहे. शाळेत मूल काही भूमिका करत नसतं, ते स्वतःच गाण्यासाठी उभं असतं.

मग ज्याचा सूर लागत नाही त्याचं काय करायचं, असं शिक्षक मला नेहमी विचारतात. पहिल्यांदा पट्टी तपासा. ती बहुतेक वेळा शिकवणाऱ्याच्या गळ्याला सोयीची असते, मुलांच्या नव्हे. सर शिकवत असतील तर त्यांचा आवाज एक सप्तक खाली असतो. काही मुलं तो तसाच धरायला जातात आणि घशात गुरगुरतात. आपण त्यांना बेसूर ठरवून मोकळे होतो. एखाद्या मुलीला त्यांच्यासमोर गायला सांगा, पट्टी थोडी बदला, अशी कितीतरी मुलं सुरात येतात. थोडा वेळ लागतो. एवढं करूनही काहींना महिनोन् महिने लागतात, तर लागू द्या. पान मात्र रिकामं ठेवू नका. हे मी आत्ताच म्हटलं होतं, तरी पुन्हा म्हणते: रिकामं पान मांडू नका.

आणि मुलगे! सातवी-आठवीत त्यांचा आवाज फुटतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो, आणि मधल्या काळात तो कधी कुठं जाईल याचा भरवसा नसतो. नेमका याच वर्षी आपण त्यांना गाण्यातून काढतो, आणि ते परत येत नाहीत. त्यांच्यासाठी चार-पाच स्वरांत बसणारी, खालच्या अंगाची वेगळी ओळ बांधता येते. ती कशी बांधायची हे पेटीवर वाजवून दाखवायचं ठरवलं होतं, पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झालीय. शिक्षक-मित्रांनो, तोवर आठवीतल्या एकाही मुलाचं नाव यादीतून खोडू नका, पुढच्या भाषणात आधी त्या ओळी वाजवते आणि मग बोलते.