निवृत्तिवेतन : राखावे की सोडावे?



बुलढाणा शहरात २४ डिसेंबर २०१८ रोजी निवृत्त कामगारांनी साखळी उपोषण आरंभिले आणि ते एकामागून एक वर्षे चालू राहिले. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय संघर्ष समितीचे हे आंदोलन पुढे दिल्लीपर्यंत पोहोचले. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ खालील किमान निवृत्तिवेतन दरमहा ७,५०० रुपये करावे, त्यावर महागाई भत्ता द्यावा आणि पतिपत्नींना वैद्यकीय सुविधा मिळावी, या त्यांच्या मागण्या होत. एस. टी., वीज मंडळ, साखर कारखाने, सहकारी संस्था आणि खाजगी कारखाने येथे उभे आयुष्य घालविलेल्या माणसांना महिन्याकाठी हजार, दीड हजार, दोन हजार रुपये मिळतात, ही वस्तुस्थिती त्या उपोषणाने सर्वांसमोर ठेवली.

या आंदोलनाकडे पाहणाऱ्या तरुण कामगाराच्या मनात मात्र एक वेगळाच विचार मूळ धरतो. वडिलांना एवढी नोकरी करून हे मिळत असेल तर आपण त्या योजनेत अडकून का पडावे? नोकरी सुटताच साचलेला पैसा उचलावा आणि मोकळे व्हावे, हे काय वाईट? जिल्ह्यातील कितीतरी मुले चाकण, वाळूज येथील कारखान्यांत कंत्राटी कामावर जातात. तीन-चार वर्षांनी काम सुटते, मुलगा गावी परततो आणि भविष्य निर्वाह निधीबरोबर निवृत्तिवेतनाचा भागही काढून घेण्याचा अर्ज करतो. पूर्वी अर्ज लिहून घेण्यासाठी तो गावातील गुरुजींकडे येई. आता तो भ्रमणध्वनीवरूनच अर्ज भरतो, त्यामुळे त्यास सल्ला देण्याची संधीही कोणाला मिळत नाही. यास्तव हा विषय तुमच्यापुढे मांडणे अगत्याचे वाटले.

पहिली गोष्ट वर्गणीची. कामगाराच्या पगारातून कापले जाणारे बारा टक्के सर्वच्या सर्व त्याच्या भविष्य निर्वाह निधीत जातात. निवृत्तिवेतनासाठी मालकाच्या बारा टक्क्यांतून ८.३३ टक्के वळविले जातात आणि केंद्र सरकार १.१६ टक्के भर घालते. वेतनाची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये आहे. त्या हिशेबाने मालकाचे दरमहा साडेबाराशे रुपये या निधीत पडतात. म्हणजे निवृत्तिवेतनासाठी कामगाराच्या कनवटीचा एक पैसाही जात नाही. ‘माझी कपात करू नका, रोख हाती द्या’ असे सांगणारा कामगार नेमके काय सोडून देतो, हे त्यास कोणी समजावून सांगत नाही. वीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेस कायदा लागू आहे आणि पंधरा हजारांच्या आत वेतन असलेल्या कामगारास योजनेबाहेर राहण्याची मुभा नाही. अशी मुभा असल्याचे भासविणाऱ्या ठेकेदाराचा त्यात स्वतःचा बारा टक्क्यांचा लाभ असतो, हे वेगळे सांगावयास नको.

योजना सोडण्याचा खरा प्रश्न उद्भवतो तो नोकरी सुटल्यावर. सेवा दहा वर्षांपेक्षा कमी असेल तर सदस्यापुढे दोन वाटा असतात. एक, रक्कम काढून घेणे. दुसरी, योजना प्रमाणपत्र घेऊन केलेली सेवा राखून ठेवणे. पुढे दुसरी नोकरी लागली की ही राखलेली सेवा नव्या सेवेत मिळविली जाते. दहा वर्षे पूर्ण झाली की रक्कम काढण्याची वाट बंद होते आणि निवृत्तिवेतनाचा हक्क कायम होतो. सहा महिने वा अधिक असा अपूर्णांक पूर्ण वर्ष धरला जात असल्याने साडेनऊ वर्षांची सेवा दहा वर्षेच मानली जाते.

आता हिशेब पाहू या, कारण या बाबतीत निव्वळ उपदेशाने कोणाचे समाधान होत नाही. काढावयाची रक्कम ठरविण्यासाठी योजनेत एक तक्ता आहे. ढोबळ मानाने प्रत्येक वर्षाच्या सेवेबद्दल एका महिन्याच्या वेतनापेक्षा किंचित अधिक रक्कम मिळते. पंधरा हजार वेतनावर नऊ वर्षे सेवा केलेल्यास दीड लाखाच्या आतच रक्कम मिळेल. आणखी सहा महिने काढून दहा वर्षांचा हक्क पदरात पाडला तर? निवृत्तिवेतनाचे सूत्र सोपे आहे : वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले सत्तर. पंधरा हजार गुणिले दहा भागिले सत्तर, म्हणजे दरमहा सुमारे २,१४३ रुपये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापासून आमरण. वर्षाचे पंचवीस हजार सातशे होतात. दीड लाख रुपये सहा वर्षांच्या आतच परत येतात, आणि त्यापुढे माणूस जगेल तितकी वर्षे तो मिळवीतच राहतो.

तथापि हिशेबाची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पस्तिशीच्या कामगाराने ते दीड लाख रुपये खरोखरच बँकेत ठेवले, तेवीस वर्षे त्यास हात लावला नाही आणि सात टक्के व्याज मिळत राहिले, तर अठ्ठावन्नाव्या वर्षी सात लाखांच्या आसपास रक्कम उभी राहील. तिचे निव्वळ व्याजच महिना चार हजारांवर जाईल. कागदावर तरी रक्कम काढणारा शहाणा ठरतो. पण तेवीस वर्षे न मोडलेली ठेव किती घरांत सापडते? खरीप हातचा गेला की पहिली मोडते ती ठेव. बहिणीचे लग्न, बोअरचे पाणी, दवाखाना, यांपैकी एकही खर्च खोटा नाही आणि म्हणूनच ती ठेव टिकत नाही. निवृत्तिवेतनाचा निधी मोडता येत नाही, हा त्याचा दोष समजला जातो. गरीब घरासाठी तोच त्याचा मोठा गुण होय.

शिवाय या हिशेबात एक गोष्ट धरलेलीच नाही. कामगार सेवेत असताना मरण पावला तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी त्याच्या विधवेस निवृत्तिवेतन मिळते, आणि ते दरमहा हजार रुपयांपेक्षा कमी नसते. त्याखेरीज पंचवीस वर्षे वयापर्यंतच्या दोन मुलांना प्रत्येकी विधवेच्या निवृत्तिवेतनाच्या चतुर्थांशाइतकी रक्कम मिळते. दहा वर्षांची सेवा पूर्ण केलेला सदस्य नोकरी सोडल्यानंतर, अठ्ठावन्न वर्षांपूर्वी दिवंगत झाला तरी कुटुंबाचा हक्क शाबूत राहतो. बँकेतील दीड लाख रुपये विधवेस दीड लाखच देतील.

तरीही उपोषणास बसलेल्या वृद्धांचे गाऱ्हाणे खोटे ठरत नाही. त्यांचे निवृत्तिवेतन इतके तुटपुंजे का? वेतनमर्यादा १९९५ साली ५,००० रुपये होती. २००१ साली ती ६,५०० झाली आणि २०१४ पर्यंत तेथेच खिळून राहिली. प्रत्यक्षात वीस हजार पगार घेणाऱ्याचे निवृत्तिवेतनही साडेसहा हजारांवरच मोजले गेले. नोव्हेंबर १९९५ ते ऑगस्ट २०१४ ही सुमारे एकोणीस वर्षांची सेवा सूत्रात घातली तर महिना १,७६४ रुपये येतात. १९९५ पूर्वीच्या, १९७१ च्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेखालील सेवेबद्दल जी भर पडते ती अल्प आहे. त्यावर महागाई भत्ता नाही. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान रक्कम एक हजार ठरविण्यात आली आणि ती वर्षानुवर्षे हजारच राहिली. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्येच किमान तीन हजारांची शिफारस केली होती. हेच कोश्यारी पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले.

या गाऱ्हाण्याचे मूळ वेतनमर्यादेत आणि महागाईशी तुटलेल्या नात्यात आहे. योजना सोडल्याने ते मूळ नाहीसे होत नाही. सोडणाऱ्याचा फक्त मागणी करण्याचा अधिकार नाहीसा होतो. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रत्यक्ष वेतनावर आधारित वाढीव निवृत्तिवेतनासाठी पर्याय देण्याची मुदत दिली, तेव्हा तिचा लाभ योजनेत टिकून राहिलेल्यांनाच घेता येण्याजोगा होता. अर्थात त्यासाठी फरकाची मोठी रक्कम व्याजासह निधीत परत भरावी लागणार होती. तेथेही कित्येकांनी शेजाऱ्याने पर्याय दिला म्हणून आपलाही दिला, स्वतःचे वय आणि प्रकृती यांचा विचार केलाच नाही.

पर्यायाचा हा प्रश्न शिक्षकांना व शासकीय कर्मचाऱ्यांनाही अपरिचित नाही. राज्यात १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर नियुक्त झालेल्यांना १९८२ चे निवृत्तिवेतन नियम लागू राहिले नाहीत. मार्च २०२३ मध्ये १४ ते २० तारखेपर्यंत झालेला संप याच कारणाने झाला. त्यानंतर ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने सेवेत मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना जुन्या नियमांप्रमाणे कुटुंब निवृत्तिवेतनाचा पर्याय खुला झाला. २ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने, ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची होती त्यांना जुन्या योजनेत येण्याची एकवार संधी मिळाली. हा पर्याय मुदतीत द्यावयाचा आणि एकदा दिला की अंतिम, असा दंडक होता. जाहिरातीची तारीख दाखविणारा वीस वर्षांपूर्वीचा कागद जपून ठेवणाऱ्याचे काम सुलभ झाले. ज्याने तो टाकून दिला त्यास कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागले.

मग काढून घेणे केव्हाही चूकच काय? तसे नाही. वर्ष-दोन वर्षे नोकरी केलेला, पुन्हा संघटित क्षेत्रात न जाता घरची शेती पाहणारा तरुण दहा वर्षांपर्यंत पोहोचण्याचा संभव नसेल, तर त्याने ती लहानशी रक्कम घेऊन शेतीच्या अवजारात घातली तर त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु पाच-सहा वर्षे झालेल्या आणि पुन्हा कारखान्यात जाणार असलेल्या कामगाराने योजना प्रमाणपत्र घ्यावे. आठ-नऊ वर्षांच्या उंबरठ्यावर असलेल्याने तर रक्कम काढण्याचा विचारही करू नये. नोकरी सुटल्यावर निवृत्तिवेतनाची रक्कम काढण्यासाठी दोन महिन्यांची प्रतीक्षा पुरत असे. केंद्रीय विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ती छत्तीस महिने करण्याचा निर्णय घेतला. त्यावर तरुणांची नाराजी समजण्यासारखी आहे, पण या छत्तीस महिन्यांत दुसरी नोकरी लागण्याचा संभव पुष्कळ असतो.

अठ्ठावन्न वर्षांपूर्वी, पन्नाशीनंतर कमी दराने निवृत्तिवेतन सुरू करण्याचीही सोय आहे. जितकी वर्षे आधी, तितकी दर वर्षी चार टक्के घट, आणि ती कायमची. उलट साठ वर्षांपर्यंत थांबणाऱ्यास दर वर्षी चार टक्के वाढ मिळते. हातपाय चालत आहेत तोवर थांबणे फायद्याचे.

सरपंच व ग्रामसेवक यांना यात करता येण्याजोगे काम थोडे पण निकडीचे आहे. गावातून बाहेर कामास गेलेल्या प्रत्येकाने वारसाची नोंद केली आहे काय, लग्नानंतर पत्नीचे नाव चढविले आहे काय, आधार पत्रिकेवरील जन्मतारीख आणि निधीच्या खात्यावरील जन्मतारीख एकच आहे काय, हे विचारून घ्यावे. दाव्यांना विलंब होतो तो बहुतेक याच तीन ठिकाणी. वृद्धांचे हयातीचे प्रमाणपत्र आता अंगठ्याच्या ठशावर गावातच काढता येते. १ जानेवारी २०२५ पासून निवृत्तिवेतन देशातील कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेतून मिळण्याची व्यवस्था झाली आहे. त्यामुळे मुलाकडे पुण्यास राहावयास गेलेल्या वृद्धास केवळ या कारणासाठी बुलढाण्याची खेप करावी लागत नाही.