मांजरेचे पाणी आणि परदेशातील विद्या



शतकपूर्तीच्या निमित्ताने 'परदेशातील जलव्यवस्थापनाचे उच्च शिक्षण' हा विषय मराठीच्या अध्यापकाकडे सोपविला गेला, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु पाण्याची विद्या जितकी गणिताची, तितकीच ती भाषेची आणि भूमीची आहे. दूर देशी मिळविलेली ही विद्या आपल्या मातीशी आणि आपल्या बोलीशी तिचा मेळ बसला तरच येथे रुजते, एवढेच आज मला मांडावयाचे आहे.

बीदरच्या परिसराला ही गोष्ट नवी नाही. पंधराव्या शतकात बहामनी राजधानी कलबुर्गीहून बीदरला आली आणि तिच्याबरोबर इराणी परंपरेतील जलविद्याही आली. नौबादजवळची सुरंग बावी हा तिचा साक्षीदार आहे. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे. पावसाचे पाणी त्यात मुरते आणि खालच्या कठीण काळ्या खडकापाशी अडते. नेमका तो थर हेरून जमिनीखाली मंद उताराचा बोगदा खोदावयाचा, जागोजागी उभे कूपक ठेवावयाचे आणि मोट वा रहाट न लावता पाणी आपल्या वजनाने वाहू द्यावयाचे, अशी ही योजना. विद्या परकी होती; पण खडकाची परीक्षा येथेच करावी लागली. म्हणूनच ती टिकली.

दुसरे उदाहरण अधिक जवळच्या काळातील आहे. आपला जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, हे वडीलधाऱ्या मंडळींना सांगावयास नको. त्या संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १८९६ साली एक तरुण विलायतेस गेला आणि कूपर्स हिल येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून परतला. हेच पुढे संस्थानचे मुख्य अभियंता झालेले नवाब अली नवाज जंग. बीडच्या बालाघाटात उगम पावून लातूर, बीदर असा प्रवास करीत गोदावरीला मिळणाऱ्या आपल्या मांजरेवर त्यांच्या कारकिर्दीत निजामसागर उभा राहिला. १९२३ साली सुरू झालेले काम १९३१ मध्ये पुरे झाले. निजामाबादकडील दोन लाखांहून अधिक एकर जमीन त्याच्या लाभक्षेत्रात आली. १९३८ मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती स्थापन झाली, तेव्हा तिच्या नदी व सिंचनविषयक उपसमितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. एका विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीचे याहून मोठे फळ कोणते असावे?

तथापि कथा येथे संपत नाही. निजामसागरची भिंत उभी राहिली, पण काही दशकांतच गाळाने जलाशयाची साठवण निम्म्याहून कमी झाली. तो गाळ म्हणजे वरच्या अंगाच्या रानांतून, अर्थात आपल्याही शेताशिवारांतून वाहून गेलेली माती होय. धरण आणि पाणलोट हे एकाच घराचे दोन वासे आहेत. एक सांभाळून दुसरा मोडू दिला, तर घर खचते.

आज ही विद्या शिकू इच्छिणाऱ्या पदवीधराला नेदरलँडमधील डेल्फ्ट हे नाव ठाऊक असते. तेथील आंतरराष्ट्रीय जलशिक्षण संस्थेचा आरंभ १९५७ सालचा. त्याच्या चारच वर्षे आधी, १९५३ च्या फेब्रुवारीत, उत्तर समुद्र त्या देशात घुसला आणि अठराशेहून अधिक माणसे बुडाली. ज्या देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली आहे, तेथे पाण्याची विद्या हा जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. मात्र त्यांचे दुःख अतिरिक्त पाण्याचे, आपले अपुऱ्या पाण्याचे. त्यांना पाणी बाहेर लोटावयाचे आहे, आपल्याला मृगापासून हस्तापर्यंतचे पाणी वैशाखापर्यंत पुरवावयाचे आहे. तेव्हा तेथून आणावयाचे ते त्यांचे बंधारे नव्हेत, तर त्यांची शिस्त. तेराव्या शतकापासून तेथे जलमंडळे आहेत. ज्यांच्या जमिनीचे रक्षण होते ते पट्टी भरतात, प्रतिनिधी निवडतात आणि पाण्याचा हिशेब राखतात.

हे शिकताना आपल्या विद्यार्थ्याला धुळे जिल्ह्यातील पांझरेकाठची फडपद्धती आठवावी, अशी माझी अपेक्षा आहे. तेथेही शेतकऱ्यांनीच पाटाची राखण केली, पाटकऱ्याने पाळीपाळीने पाणी सोडले आणि टंचाईच्या वर्षी कोणते फड भिजवावयाचे ते सर्वांनी मिळून ठरविले. दूर गेल्यावर घरचे धन ओळखता येणे, हाही परदेशगमनाचा एक लाभच होय.

हा विचार निव्वळ विद्वत्तेचा नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून तीनशेहून अधिक किलोमीटर अंतरावरून रेल्वेने पाणी आणावे लागले. लातूर मांजरेच्याच खोऱ्यात वसले आहे! पाऊस हुकला होता हे खरे. परंतु असलेले पाणी कोणत्या पिकाला, किती आणि कोणी द्यावयाचे, हा हिशेबही हुकला होता. असा हिशेब मांडणारे शिक्षित मन आपल्याला हवे आहे.

आपली मुले कर्ज काढून परदेशी जातात. काही तिकडेच स्थिरावतात. त्यांना बोल लावण्याचे कारण नाही. पण त्यांचे प्रबंध इंग्रजीत लिहिले जातात आणि तेथील कपाटातच राहतात, ही हानी मोठी आहे. ज्या तुरीच्या शेतकऱ्यासाठी तो खटाटोप, त्याच्या कानी त्यातले एक वाक्यही पडत नाही. पाणलोट, पाझर, आड, बारव, पाट, चारी हे शब्द आपल्या बोलीत जिवंत आहेत; कानडीत केरे आणि बावी आहेत. या सीमेवर आपण दोन्ही भाषा बोलतो. तेव्हा विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासाचा दहा पानी सारांश मराठीत व कानडीत लिहून या ग्रंथालयास द्यावा, अशी माझी सूचना आहे.

आणि ग्रंथालयाने काय करावे? पाण्यासाठी एक कपाट राखावे. त्यात जिल्ह्याचे गॅझेटियर असावे, गोदावरी पाणीतंटा लवादाचा १९८० सालचा निवाडा असावा, तालुक्याच्या पर्जन्याच्या नोंदी असाव्यात. गावोगावच्या जुन्या विहिरी कोणी खोदल्या, कोणत्या वर्षी आटल्या, हे वृद्धांकडून ऐकून लिहून ठेवावे. ती माणसे फार काळ आपल्यात राहणार नाहीत. परदेशी निघालेल्या मुलामुलींनी प्रथम हे कपाट उघडावे आणि परतल्यावर त्यात आपली भर घालावी. शंभर वर्षे या वास्तूने पुस्तके राखली. पुढील शतकात तिने खोऱ्याची स्मृतीही राखावी.