धर्मग्रंथ कोण छापतो?



आपण विहारात धम्मपदातील गाथा म्हणतो. आपली लहान मुलेही त्या पाठ म्हणतात. परंतु हा ग्रंथ कोणत्या वाटेने आपल्या हाती आला, याचा विचार आपण क्वचितच करतो. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे. धर्मांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्या विद्वानांनी गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत जे ग्रंथ छापले, ते कोणासाठी छापले आणि त्यांतून आपण काय घ्यावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

भारतातून पाली त्रिपिटक नाहीसे झाले होते. सिंहल, ब्रह्मदेश व सयाम येथील भिक्षूंनी ते ताडपत्रांवर जपले. त्यातील धम्मपद १८५५ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे फाउसबॉल नावाच्या पंडिताने छापले आणि त्यासोबत लॅटिन भाषांतर दिले. लॅटिन ही युरोपातील विद्वानांची भाषा. म्हणजे बहुजनांना त्यांच्या बोलीत सांगितलेला धम्म पंडितांच्या भाषेत बांधला गेला. तरीही तो छापला गेला, हे उपकारच होत.

पुढे १८७९ पासून मॅक्स म्यूलर यांच्या संपादकत्वाखाली ऑक्सफर्डच्या क्लॅरेन्डन मुद्रणालयाने पौर्वात्य धर्मग्रंथांची माला काढली. १९१० पर्यंत तिचे पन्नास खंड निघाले. सर्व धर्म एकाच टेबलावर ठेवून तपासावेत, हा तिचा हेतू थोर होता. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. बायबलही या मालेत असावे, असे म्यूलर यांच्या मनात होते. विरोधामुळे ते त्यांना वगळावे लागले. इतरांचे धर्मग्रंथ तपासणीसाठी टेबलावर आले आणि तपासणाऱ्यांचा स्वतःचा ग्रंथ कपाटातच राहिला.

याच मालेचा दहावा खंड धम्मपद व सुत्तनिपात यांचा आहे आणि पंचविसावा खंड, १८८६ साली निघालेला, मनुस्मृतीचा. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे ज्या ग्रंथाचे दहन झाले, तोच हा ग्रंथ. विद्वानाच्या दृष्टीने दोन्ही ग्रंथ पवित्र वाङ्मयाच्या एकाच यादीत बसतात. ज्यांच्या पाठीवर मनूच्या नियमांचे वळ उठले, त्यांना ते एका पंक्तीत बसविता येत नाहीत. यात विद्वानाचा गुन्हा नाही. परंतु यादी करणारा कोण आहे, यावर यादीचा अर्थ ठरतो, हे आपण विसरता कामा नये.

आता दुसरे उदाहरण घ्या. १८८१ साली ऱ्हिस डेव्हिड्स यांनी लंडन येथे पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली. हे गृहस्थ सिंहलमध्ये सरकारी नोकरीत होते व तेथेच पाली शिकले. संस्थेजवळ मोठे भांडवल नव्हते. वर्गणीदारांच्या पैशावर ग्रंथ निघत. या वर्गणीदारांत सिंहलचे अनेक भिक्षू होते. भिक्षापात्र घेऊन फिरणाऱ्यांनी दूरदेशी छापल्या जाणाऱ्या पुस्तकांना हातभार लावला! सयामचे राजे चुलालोंगकोर्न यांनी १८९३ साली त्रिपिटक आपल्या लिपीत छापविले व त्याच्या प्रती परदेशांतील ग्रंथालयांना पाठविल्या. ग्रंथ जगतो तो अशा आधारावर.

आपल्या बाजूचे उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे आहे. गोमंतकात जन्मलेला हा मनुष्य पालीसाठी सिंहलपर्यंत गेला. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉरेन यांच्या अपुऱ्या राहिलेल्या विशुद्धिमग्गाच्या संपादनाचे काम त्यांनी केले. ग्रंथावर नाव कोणाचे कसे यावे, यावरून तेथे मतभेद झाले. तो ग्रंथ अखेर १९५० साली प्रसिद्ध झाला; कोसंबी १९४७ सालीच निवर्तले होते. श्रम कोणाचे आणि श्रेय कोणाचे, हा प्रश्न शेतात व गिरणीत असतो, तसाच तो विद्यापीठातही असतो.

मग विद्वानांची पुस्तके टाकून द्यावीत काय? मुळीच नाही. चांगला संपादक अनेक पोथ्या समोर ठेवतो, पाठभेद तळटीपेत देतो आणि आपण कोणता पाठ का निवडला ते सांगतो. त्यामुळे वाचकाला त्याची चूक काढता येते. "मी सांगतो म्हणून माना" असे तो म्हणत नाही. कालामांना केलेला उपदेश ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही.

बाबासाहेबांचा बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली इंग्रजीत निघाला. त्यात आधारग्रंथांचे उल्लेख दिलेले नव्हते, म्हणून काही पंडितांनी त्याला नावे ठेवली. २०११ साली ऑक्सफर्डच्याच नावाने त्याची चिकित्सक आवृत्ती निघाली आणि तिच्यात आधार शोधून देण्यात आले. दोन्ही कामे आवश्यक आहेत. पहिले काम मनुष्याला उभा करते. दुसरे त्याला वादात टिकविते. पहिले काम बाबासाहेबांनी केले. दुसरे काम दरवेळी इतरांनीच करावे काय, हा प्रश्न आपला आहे.

साधने नाहीत, असे आता म्हणता येणार नाही. ज्या १९५६ साली नागपूरला दीक्षा झाली, त्याच वर्षी भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली नालंदा येथून देवनागरी त्रिपिटक निघू लागले व १९६१ पर्यंत त्याचे एकेचाळीस खंड पूर्ण झाले. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने तर सर्व पाली त्रिपिटक विनामूल्य खुले केले आहे. ते खिशातील फोनवरही वाचता येते. विद्यापीठीय पुस्तकांच्या किमती आपल्या आवाक्याबाहेर असतात, हे खरे. परंतु मूळ ग्रंथावर आज कुलूप नाही. अडसर आहे तो भाषेचा.

म्हणून माझी विनंती लहान आहे. प्रत्येक विहारातून एका मुलाने आणि एका मुलीने पाली शिकावे, आणि त्यांचा खर्च सर्वांनी वर्गणीने उचलावा. "भगवंतांनी असे सांगितले" असे जो कोणी म्हणेल, त्याला आपण नम्रपणे विचारावे : कोणत्या सुत्तात? व्याख्याता मी असलो, तरी मलाही विचारावे. ज्यांना अक्षर ऐकण्याचीही बंदी होती, त्यांच्या नातवंडांनी पोथीतील पाठ तपासून पाहावा, याहून मोठा हक्क मला दिसत नाही. आणि हा हक्क वापरला नाही तर तो कागदावरच राहतो.