नकाशातील नदी आणि दारातील नदी

(नागपूरच्या महाल भागात भूगोल शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



‘शालेय भूगोलातील नकाशावाचन आणि नदीचा परिसर’ हा आजचा विषय प्रथमदर्शनी केवळ शिक्षकांच्या कक्षेतील वाटण्याचा संभव आहे. परीक्षेत नकाशावर ठरावीक गुणांचा एक प्रश्न असतो. विद्यार्थी दिलेल्या आराखड्यात गोदावरीची रेघ ओढतो, सूची देतो आणि उत्तरपत्रिका मिटतो. नकाशाचा आपल्या नित्याच्या जीवनाशी यापलीकडे काही संबंध आहे, असे फारसे कोणास वाटत नाही. तो संबंध किती निकटचा आहे, आणि कित्येकदा तो जीवितवित्ताशी कसा येऊन भिडतो, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

महालचा भूगोल

आपण जेथे बसलो आहोत तो महाल म्हणजे जुन्या नागपूरचा गाभा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी हे नगर वसविले. चांद सुलतान याने त्याला तट घातला व जुम्मा तलाव बांधला. हाच तलाव पुढे शुक्रवारी तलाव व आता गांधीसागर या नावाने ओळखला जातो. नंतर रघूजी भोसल्यांनी येथे राजधानी केली. हा इतिहास आपल्या मुलांना मुखोद्गत असतो. परंतु नगर नेमके येथेच का वसले, या प्रश्नाचे उत्तर भूगोलाच्या तासाला मिळावयास हवे. महालच्या पश्चिमेस तलाव आणि दक्षिणेस नागनदी आहे. ज्या नदीवरून शहराला नाव मिळाले, ती येथून हाकेच्या अंतरावर वाहते.

तरीही वर्गातील मुलांना विचारून पाहावे, की ही नदी कोठून येते आणि कोठे जाते? गंगेचा उगम सांगणारी मुले या प्रश्नाला निरुत्तर होतात. दोष मुलांचा नाही. नकाशातील नदी आणि दारातील नदी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, अशी त्यांची समजूत आपणच होऊ दिली आहे.

स्थलनिर्देशक पत्रक

नागनदी शहराच्या पश्चिमेस लाव्याच्या टेकड्यांत उगम पावते. अंबाझरी तलावातून पुढे निघून ती सुमारे १७ किलोमीटर शहरातून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. पिवळी नदीला सोबत घेऊन ती कन्हानला मिळते. कन्हान पुढे आंभोऱ्याजवळ वैनगंगेस, वैनगंगा वर्धेस मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. महालच्या गल्लीतून वाहून गेलेले पावसाचे पाणी अखेरीस बंगालच्या उपसागरास पोचते.

हा सारा प्रवास कागदावर पाहण्याचे साधन म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे. या विभागाची स्थापना १७६७ सालची. पुढे विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. मोजणीचे काम उत्तरेकडे सरकत असता, नागपूरच्या वाटेवर, १८२३ साली हिंगणघाट येथे त्यांचा देहान्त झाला. तेथेच त्यांची समाधी आहे. नागपूरचा शून्य मैलाचा स्तंभही याच सर्वेक्षणाच्या परंपरेची आठवण देतो. नकाशाशास्त्राचा इतिहास विदर्भातील शाळांच्या इतका जवळ आहे.

जुन्या क्रमांकपद्धतीनुसार नागपूर शहर ५५ ओ/४ या पत्रकात येते. त्याचे प्रमाण १:५०,००० म्हणजे नकाशावरील २ सेंटिमीटर बरोबर जमिनीवरील १ किलोमीटर. शहरातील नागनदीवर वळणे सांभाळून दोरा ठेवला, तर तो सुमारे ३४ सेंटिमीटर भरेल. ‘प्रमाण’ या शब्दाची व्याख्या पाठ करण्यापेक्षा हा दोरा मुलाला अधिक शिकवून जातो. उगमाकडे लाव्याच्या बाजूस जाऊ लागले की हे पत्रक संपते आणि पश्चिमेचे ५५ के/१६ हे पत्रक जोडावे लागते. नदी पत्रकाची कड मानीत नाही, ही गोष्ट मुलाच्या मनात येथेच ठसते. पुढे जिल्ह्याची आणि राज्याची सीमाही ती मानीत नाही, हे सांगणे मग सोपे जाते.

हे नकाशे मिळविणे पूर्वी कष्टाचे होते. २०१७ साली सर्वेक्षण विभागाने खुल्या मालिकेतील पत्रके संगणकावरून विनामूल्य उतरवून घेण्याची सोय केली. त्यामुळे नकाशा मिळत नाही, ही अडचण आता पूर्वीसारखी राहिलेली नाही.

तीन नेहमीच्या चुका

नदीचे वाचन शिकविताना तीन चुका वारंवार आढळतात.

पहिली चूक भिंतीवरील नकाशामुळे होते. उत्तर दिशा वर आणि दक्षिण दिशा खाली असल्यामुळे नदी ‘खाली’ म्हणजे दक्षिणेकडेच वाहणार, असे मुलांना वाटते. नागनदी पूर्वेकडे वाहते, तापी पश्चिमेकडे. पाण्याला उत्तर-दक्षिण ठाऊक नसते, त्याला केवळ उतार ठाऊक असतो. नकाशा जमिनीवर अंथरून, होकायंत्राने दिशा जुळवून शिकविल्यास हा भ्रम दूर होतो.

दुसरी चूक तीरांची. नकाशाच्या डाव्या बाजूचा तो डावा तीर, असे नव्हे. प्रवाह ज्या दिशेने जातो त्या दिशेस तोंड करून उभे राहिले असता डाव्या हाताला जो येतो तो डावा तीर. नागनदी पूर्वेस वाहते, म्हणून महाल तिच्या डाव्या तीरावर आहे.

तिसरी चूक समोच्च रेषांची. सीताबर्डीच्या टेकडीभोवती या तपकिरी रेषा मिटलेल्या वेटोळ्यांसारख्या दिसतात. नाल्याच्या ठिकाणी मात्र त्या कोन करून वळतात, आणि त्या कोनाचे टोक नेहमी उगमाकडे म्हणजे चढाकडे असते. एवढा एक नियम समजला, की नकाशावर बाण काढलेला नसला तरी पाण्याची दिशा सांगता येते. रेषा दाट तेथे उतार तीव्र आणि पाणी वेगाने धावणारे. रेषा विरळ तेथे जमीन सपाट आणि पाणी पसरणारे. वस्ती कोठे करावी आणि कोठे करू नये, याचे पहिले ज्ञान या विरळ रेषांपाशीच होते.

पाऊस एकीकडे, पूर दुसरीकडे

हे ज्ञान नसले म्हणजे काय होते, याचे दाखले आपल्याच भागात आहेत.

३० जुलै १९९१ रोजी नरखेड तालुक्यातील मोवाड गावावर वर्धा नदीचा महापूर कोसळला. दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वर्धा नदी उगम पावते ती मध्य प्रदेशातील बैतुल जिल्ह्यात, मुलताईच्या परिसरात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस कन्हान व वैनगंगा यांना मोठा पूर आला. नागपूर, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील गावांत पाणी शिरले. पाणलोट क्षेत्राच्या वरच्या अंगास, राज्याच्या सीमेपलीकडे झालेला पाऊस आणि धरणांतून सोडावे लागलेले पाणी ही त्याची प्रमुख कारणे होती. आपल्या गावावर आकाश मोकळे आहे म्हणून नदी शांत राहील, असे समजणाऱ्यास पाणलोटाचा नकाशा वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तर नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असतानाच पाणी शिरले. त्यात प्राणहानीही झाली. तलाव वर, पात्र खाली आणि पात्रालगत घरे, हा क्रम नकाशावर बोट फिरविणाऱ्या सातवीच्या मुलालाही दिसू शकतो. पण बोट फिरविण्याची सवय लावणारा तास हवा.

याच नकाशावर आणखी एक गोष्ट दिसते. नागपूर शहर कन्हान नदीचे पाणी पिण्यासाठी उचलते ते वरच्या अंगास, आणि शहराचे सांडपाणी घेऊन नागनदी कन्हानला मिळते ती खालच्या अंगास. तेथून ते पाणी वैनगंगेवरील गोसीखुर्दच्या जलाशयाकडे जाते. शहराने टाकलेले कोणाच्या दारी जाते, हा प्रश्न नकाशा विचारतो. कुही तालुक्यातील शेतकऱ्याला त्याचे उत्तर ठाऊक आहे. ते महालमधील विद्यार्थ्यालाही ठाऊक असावे.

पंचायतीसाठी दोन नकाशे

पंचायत सदस्यांना मी एक सूचना करू इच्छितो. आपल्या दप्तरी गावनकाशा असतो. त्यात गट क्रमांक, शीव, पांदण, नाला या गोष्टी दिसतात. जमीन कोणाची, हे त्यावरून ठरते. परंतु जमिनीचा उंचसखलपणा त्यात दिसत नाही. स्थलनिर्देशक पत्रकात याच्या उलट आहे. त्यात मालकी नाही, पण चढउतार आहे. हे दोन नकाशे शेजारी ठेवून वाचले, तरच बंधारा कोठे घालावा, कोणता नाला बुजविल्यास पाणी कोणाच्या घरात जाईल आणि घरकुलांसाठी कोणती जागा टाळावी, याचा निर्णय डोळसपणे घेता येतो.

जेथे जलसंपदा विभागाने पूररेषा आखल्या आहेत, तेथे त्यांचाही अर्थ समजून घ्यावा. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ यंदा येऊन गेला, आता शंभर वर्षे चिंता नाही, असा मुळीच नव्हे. तेवढा पूर कोणत्याही वर्षी येण्याचा संभव शंभरात एक, असा त्याचा अर्थ आहे.

शाळांनी काय करावे

याकरिता फार मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक शाळेने आपल्या जवळच्या नदीचा वा ओढ्याचा एक नकाशा मुलांकडून तयार करून घ्यावा. प्रथम पत्रकावरून प्रवाह उतरवून घ्यावा. मग शिक्षकांसोबत, पावसाळा सोडून, सुरक्षित वाटेने तो प्रत्यक्ष पाहावा. पूल, घाट, नाल्यांची तोंडे आणि बुजलेले पात्र यांची नोंद करावी. गावातील वडीलधाऱ्यांना विचारून पुराचे पाणी कोठवर चढले होते, त्या खुणा त्यावर टिपाव्यात. शीर्षक, दिशा, प्रमाण व सूची ही अंगे त्यात असावीत. तो नकाशा शाळेच्या भिंतीवर लावावा आणि त्याची एक प्रत पंचायतीस द्यावी. दरवर्षी नव्या वर्गाने तो पुन्हा तपासावा.

आज हातातील दूरध्वनीवर नकाशा असतो, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. तो नकाशा आपल्याला कोठे वळावे ते सांगतो. पाणी कोठे वळेल, हे मात्र आपल्यालाच वाचावे लागते.

मित्रहो, शासनाच्या यंत्रणा पुराची सूचना देतात. ‘वरच्या धरणातून विसर्ग सुरू आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ असे एक वाक्य रात्री अपरात्री गावात येऊन पोचते. त्या वाक्यातील ‘वर’ म्हणजे कोठे, पाणी कोणत्या वाटेने येईल आणि कोणत्या बाजूस निघावे, हे ज्या घरातील मुलाला सांगता येईल, त्या घरात भूगोल खऱ्या अर्थाने शिकविला गेला असे मी समजेन. हे काम शिक्षक आणि पंचायत यांनी मिळून करावयाचे आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शाळेत असा एक तरी नकाशा तयार व्हावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.