साथीचा ताप आणि आपली वस्ती
(वर्षावासानिमित्त बुद्धविहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. कलाशाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. तापावर बोलण्याचा मला अधिकार काय, असे कुणी विचारले तर उत्तर एवढेच की आकडे वाचायची सवय आहे, आणि काही आकडे असे वाचनात आले की ते आपल्या माणसांपुढे ठेवल्याशिवाय राहवेना.

वर्षावास आषाढी पौर्णिमेला सुरू होतो आणि आश्विनात संपतो. याच दिवसांत विहारात आपली सर्वात जास्त गर्दी असते, आणि फ्लूचा जोरही आपल्याकडे याच दिवसांत असतो. युरोप-अमेरिकेत हा आजार हिवाळ्याचा. श्रीनगरकडेही जानेवारी ते मार्च हेच त्याचे दिवस. पण देशाच्या बऱ्याच भागात तो पावसाबरोबर, जुलै ते सप्टेंबरात वाढतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील डॉ. मनदीप चढ्ढा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या निरनिराळ्या शहरांतून रुग्णांचे नमुने गोळा करून हे २०१५ साली मांडले. त्यांचा निष्कर्ष साधा होता : आपल्याकडे लस घ्यायची ती पावसाआधी, एप्रिल-मे महिन्यात. परदेशातल्या वेळापत्रकाप्रमाणे ऑक्टोबरात टोचून घेतली तर आपला पावसाळा निघून गेलेला असतो.

आता थोडे मागे जाऊ. माझी आजी 'मानमोडी' हा शब्द वापरायची. तिच्या आईने डोळ्यांनी पाहिलेली १९१८ सालची साथ. माणूस मान टाकून पडायचा आणि उठायचा नाही, म्हणून मानमोडी, असे ती सांगे. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि आपल्या अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. आजीचे आजोबा गावकीच्या कामावर होते. गावात कुणी मेले की सांगावा घेऊन पाहुण्यांच्या गावी चालत जायचे, हे त्यांचे काम. त्या साथीत ते रोज चालत होते. एके दिवशी परत आले ते तापाने फणफणूनच, आणि तिसऱ्या दिवशी गेले. गावातल्या प्रत्येक मरणाची बातमी पोहोचवणारा आपलाच माणूस होता. त्याच्या घरातल्या मरणाचा सांगावा कुणी नेला, हे मात्र आजीलाही माहीत नव्हते.

ही झाली घरातली गोष्ट. मुंबईत मात्र मरणांची नोंद होत होती. १९१८ च्या जून महिन्यात गोदीवर पहारा करणारे सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले आणि तिथून शहरात साथ पसरली. पहिली लाट सौम्य होती, दुसरीने कहर केला. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्या वर्षी शहरात इन्फ्लुएन्झाने मेलेल्यांचा जातवार तक्ता आहे. दर हजार माणसांमागे युरोपियन ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२, इतर हिंदू १८.९. आणि 'खालच्या जातीचे हिंदू' या रकान्यात ६१.६.

बंधूंनो, मी हा आकडा तीनदा वाचला. आधी वाटले छपाईची चूक असेल. विषाणू जात विचारत नाही असे आपण म्हणतो, आणि ते खरेच आहे. पण तो एका खोलीत किती माणसे झोपतात हे विचारतो. ताप असताना कामावर जावे लागते का, पोटात अन्न आहे का, डॉक्टर दाराशी येतो का, हेही विचारतो. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते. त्याच नोव्हेंबरात परमपूज्य बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. ज्या शहरात ते शिकवायला उभे राहिले, त्या शहरातला हा तक्ता आहे. संपूर्ण देशात या साथीने एक कोटीहून जास्त माणसे नेली. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. असे दुसऱ्या कुठल्याच दशकात घडलेले नाही.

गंमत अशी की इतकी माणसे मेली तरी रोगाचे कारण तेव्हा कुणालाच सापडले नव्हते. एका जिवाणूवर ठपका ठेवला गेला, तो चुकीचा निघाला. माणसातला फ्लूचा विषाणू १९३३ साली लंडनमध्ये फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यावर प्रयोग करताना हाती लागला. पुढे एका फेरेटने संशोधकाच्या तोंडावरच शिंक दिली आणि त्याला फ्लू झाला! १९१८ च्या विषाणूची संपूर्ण घडण तर २००५ साली उलगडली. त्यासाठी अलास्कातल्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका स्त्रीच्या फुप्फुसाचा तुकडा उपयोगी पडला.

हा विषाणू कपडे बदलतो. त्याच्या अंगावर एच आणि एन अशी दोन प्रकारची प्रथिने असतात, त्यावरून एच१एन१, एच३एन२ ही नावे पडली. दरवर्षी थोडा बदल होतो, म्हणून गेल्या वर्षीची लस यंदा पुरत नाही. कधी कधी पक्षी किंवा डुकरांतल्या विषाणूशी सरमिसळ होऊन साराच नवा अवतार येतो, आणि मग जगभर साथ पसरते. यावर नजर ठेवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९५२ पासून देशोदेशीच्या प्रयोगशाळांचे जाळे विणले आहे. पुण्याची संस्थाही १९५२ सालचीच, आणि ती या जाळ्यात आहे. वर्षातून दोनदा हे नमुने पाहून पुढच्या हंगामाच्या लसीत कोणते विषाणू घालायचे ते ठरते. यामागाता नावाचा एक प्रकार तर मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने आढळलेला नाही, म्हणून तो लसीतून वगळण्याची शिफारस झाली. जाळे असे बारकाईने काम करते.

२००९ चा ऑगस्ट आठवा. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. वर्षभरात पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस काढली. पण तो विषाणू गेला नाही, हंगामी होऊन राहिला. २०१५ साली देशात बेचाळीस हजारांवर रुग्ण आणि २,९९० मृत्यू झाले. पक्ष्यांचा फ्लू २००६ मध्ये नवापूरच्या कोंबड्यांत, २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात आणि जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या उदगीरला कावळ्यांत सापडला. कोंबड्या किंवा कावळे एकाएकी मरू लागले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. मेलेली जनावरे ओढायचे काम आपण बाबासाहेबांच्या सांगण्यावरून केव्हाच सोडले आहे.

माझ्या मावसभावाला २०१७ च्या पावसाळ्यात ताप आला. त्याने तीन दिवस दुकानातून गोळ्या आणून खाल्ल्या, त्यांत अँटिबायोटिकही होते. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. फ्लूवरचे औषध ओसेल्टामिविर, आणि ते पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर अधिक उपयोगी. चौथ्या दिवशी त्याला धाप लागली, मग धावपळ झाली. तो वाचला नाही. त्याला मधुमेह होता. मधुमेही, दमेकरी, गरोदर स्त्रिया, म्हातारी माणसे आणि लहान मुले यांच्या तापाकडे पहिल्याच दिवशी लक्ष द्यावे. आपल्या गावात स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०२० पासून तिथे विषाणू तपासणीची प्रयोगशाळाही आहे. दूरदूरच्या तालुक्यांतून लोक तिथे येतात. आपण मात्र चालत जाण्याच्या अंतरावर असून चौथ्या दिवसाची वाट पाहतो.

आणखी एक सांगतो. आपल्या जिल्ह्यातली ऊसतोड मंडळी दसरा-दिवाळीनंतर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. लस घेण्याची योग्य वेळ नेमकी तेव्हाच येते. गरोदर बाया आणि जोखमीच्या रुग्णांना शासनाने ही लस मोफत देण्याची योजना २०१५ मध्ये आणली होती. यंदा लस आहे की नाही याची चौकशी कुणीतरी दवाखान्यात जाऊन करायला हवी. ती मी करीन. त्यासाठी वस्तीतल्या अशा माणसांची यादी लागेल : नाव, वय, आजार, गरोदर असल्यास महिना. कार्यक्रम संपल्यावर दाराजवळच्या टेबलाशी मी वही घेऊन बसतो आहे. कोपीवर जाणाऱ्या कुटुंबांनी कृपा करून जायच्या आधीच नावे द्यावीत.

नमो बुद्धाय, जयभीम.