डब्याची दिमडी

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणावरून)



सोसायटीच्या २५ वर्षांतल्या एखाद्या आठवणीवर बोला, असं मला सांगितलंय. मी बरीच वर्षं खजिनदार होतो, त्यामुळे हा आता ताळेबंद वाचणार अशी भीती तुम्हाला वाटत असेल. घाबरू नका. मी नामंजूर केलेल्या एका खर्चाबद्दल बोलणार आहे.

गणपतीत आपल्याकडे टाळांचे जोड पाच आणि मुलं वीसेक. रोज भांडणं. शेवटी मुलांनी रीतसर अर्ज दिला, 'टाळ घेऊन द्यावेत.' मी पडलो बँकेतला माणूस. शेरा मारला, 'तरतूद नाही.' त्या संध्याकाळी आरती चालू असताना सात वर्षांचा एक मुलगा जिन्यात एकटाच बसलेला दिसला. म्हणाला, "आजोबा, मला वाजवायला काहीच नाही." शेरा नियमात बसत होता, पण रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मुलांना म्हटलं, रिकामे डबे घेऊन गच्चीवर या.

कृती सोपी आहे. पत्र्याचा डबा घ्यायचा आणि आधी त्याच्या काठाला जाड चिकटपट्टी लावायची. हे 'आधी' मी नंतर शिकलो. पहिल्याच डब्याला एका मुलीचं बोट कापलं. चूक माझीच होती. घरी जाऊन तिच्या आईची माफी मागितली. मग मोठ्या फुग्याचं निमुळतं तोंड कापून टाकायचं. एकाने डबा धरायचा, दुसऱ्याने उरलेलं रबर तोंडावर ताणून बसवायचं आणि वर दोन-तीन रबरबँड. फुगा फुटला तर तुकडे लगेच उचलायचे, लहान मुलं तोंडात घालतात. जुन्या पेन्सिलीच्या टोकाला चिंधी गुंडाळली की काठी तयार.

एका मुलीने विचारलं, "आवाज कुठून येतो?" मी फुग्यावर चिमूटभर रवा टाकला आणि म्हटलं, वाजव. रवा उड्या मारायला लागला! पडदा थरथरतो तेव्हा आवाज होतो, हे समजावून सांगावं लागलंच नाही. पडदा जास्त ताणला की आवाज चढतो. मध्यभागी ओल्या कणकेची गोळी चिकटवली की उतरतो. आपले पखवाजवाले डाव्या तोंडाला कणीक लावतात, ती याचसाठी. तबल्याच्या मधल्या काळ्या शाईमुळे त्याला स्वर कसा येतो, यावर तर सर सी. व्ही. रामन यांनी संशोधन केलंय.

आमच्या वाद्याला मी नाव दिलं 'दिमडी'. खरी दिमडी खंडोबाच्या जागरणात वाजते. तिला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. १९७२ च्या कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, आणि आमच्या फुग्याला कुणाची हरकत नव्हती!

हरकत संध्याकाळी आली. वीस डबे एकदम बडवल्यावर आरतीच ऐकू येईना. तळमजल्यावरच्या आजी आजारी होत्या, त्यांचा मुलगा वर आला. रागावला नाही, नुसता हात जोडून उभा राहिला. मुलं गप्प झाली. डबे काढून घ्यावेत असं मलाही वाटलं. पण मग एक नियम केला : शेजारच्याचं गाणं ऐकू येईल इतकंच वाजवायचं. नाही ऐकू आलं, तर आपलं वाजवणं जास्त झालं. दोन दिवस गोंधळ झाला. तिसऱ्या दिवशी वीस डबे एका ठेक्यात, हळू वाजले. आजींनी निरोप पाठवला, "दार उघडं ठेवलंय, वाजवू द्या."

मंडळी, २५ वर्षांत आपण पार्किंगवरून भांडलो, पाण्यावरून भांडलो. प्रत्येकाला आपला डबा वाजवायचा असतोच, आणि वाजवावाही. फक्त शेजारचा ऐकू आला पाहिजे. उपविधींत हे कलम नाही, पण मुलांनी ते पाळून दाखवलं.

पुढच्या वर्षी टाळांचा ठराव मी स्वतः मांडला. आवाजी मतदानाने मंजूर झाला! फुग्यांची पावती मात्र अजून नाही, हिशेब तपासनीसांनी क्षमा करावी.

जिन्यात बसलेला तो मुलगा आता कॉलेजात आहे. यंदाच्या आरतीत त्याने आपल्या हातातले टाळ मागे उभ्या असलेल्या एका छोट्याला दिले आणि स्वतः टाळ्या वाजवत उभा राहिला. माझ्या खजिनदारकीत एवढी जमा पुरे आहे.